मेटिऑर 350 खाली घेताना: तीन महिन्यांच्या नोंदी

10 नोव्हेंबर 2024, रविवार

गाडीची उंची कमी करायच्या कामाला सुरुवात आज, पण कारण दिवाळीच्या आधीचं आहे. पेट्रोल पंपाच्या उतारावर थांबले, डावा पाय टेकवला, आणि जिथे जमीन असेल असं वाटलं होतं तिथे ती दोन इंच खाली निघाली. 191 किलोची रॉयल एनफिल्ड मेटिऑर एकदा कलली की चवड्यावर सावरत नाही. हँडलचं टोक घासलं, क्लच लिव्हर वाकला, माझ्या गुडघ्याला खरचटलं. उचलायला चार माणसं धावली आणि चौघांनीही एकच सल्ला दिला, स्कूटी घ्या. मला स्कूटी नको आहे. ही गाडी मी तीन वर्षं पैसे साठवून घेतली आहे आणि तिच्यावर बसलं की माझी पाठ आणि डोकं दोन्ही शांत होतात.

माझी उंची 152 सेंटिमीटर. भिंतीला टेकून, पुस्तक जांघेत धरून पायाची लांबी मोजली: 69 सेंटिमीटर. मेटिऑरच्या सीटची उंची 765 मिमी, ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून पोटापर्यंतचं अंतर) 170, व्हीलबेस (दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर) 1400. पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या, 41 मिमीचा, त्याचा प्रवास, म्हणजे तो जास्तीत जास्त दबतो ते अंतर, 130 मिमी. मागे दोन शॉकअप, स्प्रिंगचा ताण बदलायला सहा खाचा.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत माझं काम तपासणीचंच, त्यामुळे मोजल्याशिवाय काही खोलायचं नाही हे आधी ठरवलं. मागच्या एक्सलच्या मध्यापासून मडगार्डवर लावलेल्या चिकटपट्टीच्या खुणेपर्यंत अंतर घेतलं. चाक हवेत, मग गाडी स्वतःच्या वजनावर, मग मी वर बसून. गाडी स्वतःच्या वजनाने 9 मिमी बसते, माझ्या 54 किलोंनी आणखी फक्त 11. म्हणजे माझ्यासारख्या हलक्या माणसाखाली स्प्रिंग जवळपास उभीच राहते. खाच तिसरी होती, ती पहिलीवर आणली. 4 मिमी मिळाले, फुकट.

पुढच्या फोर्कच्या नळीवर एक केबल टाय घट्ट बांधला आणि मागच्या शॉकअपच्या दांड्यावर रबरी रिंग चढवली. शॉकअप दबला की दोन्ही सरकतात आणि जिथवर दबला तिथेच राहतात. कसबा बावडा ते वाघबीळ जाऊन आले. फोर्क 92 मिमी वापरला गेला. आजचे आकडे वहीत तारखेसह लिहिलेत, पुढचं सगळं यांच्याशी ताडून बघायचं.

17 नोव्हेंबर, रविवार

गॅरेजच्या मेस्त्रींनी सुचवलेला मार्ग घेतला. "ताई, पट्टी टाकूया की. तासाभराचं काम हाय." ऑनलाइन मागवलेल्या दोन जाड पट्ट्या, प्रत्येकीला दोन भोकं. शॉकअपचं खालचं टोक चिमट्यावरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) मूळ जागेवरून सोडायचं, त्या जागी पट्टी बसवायची आणि शॉकअप पट्टीच्या दुसऱ्या भोकात धरायचा. टोक मागे आणि खाली जातं, शॉकअप आडवा होतो, गाडीचं बूड खाली येतं.

एक्सलपाशी 50 मिमी, सीटपाशी साधारण 38. बसले आणि दोन्ही टाचा जमिनीला लागल्या. आयुष्यात पहिल्यांदा मोटारसायकलवर बसून टाचा टेकल्या. गॅरेजच्या दारात पाच मिनिटं नुसती तशीच बसून राहिले.

घरी बाबांनी गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून पट्टी बघितली आणि बोल्टवर बोट ठेवलं. बाबा 34 वर्षं टर्नर होते. म्हणाले, "बाळ, शॉकअप काय उंची द्यायला लावलेला नसतोय. खड्डा गिळायला लावलाय. तू त्याचं तोंडच फिरवलंस." मी त्या संध्याकाळी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते.

20 नोव्हेंबर

दोन गोष्टी लगेच दिसल्या.

एक म्हणजे दिवा. रात्री शिरोलीहून येताना समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारत होता. हिशेब सोपा आहे: मागून 50 खाली, व्हीलबेस 1400, म्हणजे गाडीचं नाक दोन अंशांनी वर. दहा मीटरवर प्रकाशाचा झोत 36 सेंटिमीटर वर चढतो. मी तीन दिवस लोकांच्या डोळ्यांत दिवा मारत होते. स्क्रू फिरवून खाली घेतला.

दुसरी म्हणजे साईड स्टँड. गाडी खाली आली, स्टँड तेवढाच राहिला, त्यामुळे ती जवळजवळ सरळ उभी राहते. कंपनीच्या पार्किंगमध्ये शेजारच्याने आपली गाडी काढताना जरा धक्का लागला आणि माझी उजव्या बाजूला भिंतीवर गेली. आरसा फुटला. भिंत नसती तर तिथे ठेवलेली दुसऱ्या कुणाची तरी गाडी खाली गेली असती.

24 नोव्हेंबर, रविवार

पन्हाळा. बाबा मागे. आजची नोंद लांबणार.

शिवाजी पुलापर्यंत काही जाणवलं नाही. गुळगुळीत डांबरावर गाडी उलट जास्त स्थिर वाटते, आणि त्याला कारण आहे. बूड खाली गेलं की फोर्क जास्त तिरका होतो, ट्रेल वाढतो, म्हणजे हँडल वळतं त्या दांड्याची रेषा जमिनीला मिळते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर. माझ्या हिशेबाने सुमारे 13 मिमीने वाढला. सरळ रस्त्याला ते छान. वळणात मात्र हँडल जड लागतं, गाडी आत यायला तयार नसते, आणि वळण संपेपर्यंत दंडाने ढकलत राहावं लागतं. वाघबीळनंतर चढाच्या वळणांना फूटरेस्टचं टोक चार वेळा जमिनीला लागलं. मूळ उंचीवर याच रस्त्याने मी कितीतरी वेळा गेले आहे, एकदाही लागलं नव्हतं.

मग ऊस. गळीत हंगाम सुरू झाला की इकडचे रस्ते बदलतात. दोन-दोन ट्रॉल्यांच्या चाकांनी डांबर दबून चर पडतात, चरांच्या मधे उंचवटा, त्यावर सांडलेली कांडकी. अशा एका चरातून बाहेर येताना मागून 'खर्र' असा आवाज आला आणि माकडहाडात कळ गेली. बाबा कण्हले. थांबले. टायर मडगार्डच्या आतल्या बाजूला लागलं होतं. प्लॅस्टिकवर तीन बोटं रुंद, चकचकीत, गरम पट्टा. हात लावला तर रबराचा वास आला.

तिथेच रस्त्याच्या कडेला बसून आम्ही दोघांनी ते समजून घेतलं. पट्टीने शॉकअप छोटा होत नाही. त्याचा सगळा प्रवास शाबूत असतो, पण चाक आधीच 50 मिमी वर येऊन बसलेलं असतं. शॉकअप तळाला लागून थांबायच्या आधी टायरच मडगार्डला पोचतं. वर शॉकअप आडवा असल्यामुळे चाक एक मिलिमीटर वर आलं तरी स्प्रिंग पूर्वीएवढी दबत नाही, म्हणजे चाकाला ती मऊ लागते. प्रवासाला जागा कमी आणि अडवणारी ताकदही कमी. बाबांना आणखी एका गोष्टीची काळजी होती: बोल्ट आता भार सरळ घेत नाही, पट्टीच्या लांबीएवढा पिळवटून घेतो.

परतताना गावातल्या गतिरोधकावर पोट घासलं. सेंटर स्टँडची नळी, नशीब सायलेन्सर नाही. गतिरोधकाचा हिशेब घरी येऊन केला, तो इथे लिहिते कारण तो मला फार पटला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1988 च्या मानकात ताशी 25 किमीसाठीचा गोल गतिरोधक 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच, 17 मीटर त्रिज्येचा आहे. एवढ्या पसरट उंचवट्यावर 1400 च्या व्हीलबेसची दोन्ही चाकं एकाच वेळी चढलेली असतात, आणि मधला फुगवटा चाकांच्या रेषेच्या वर फक्त 14 मिमी येतो. तिथे कुठलीच मोटारसायकल घासणार नाही. पण आमच्याकडे हौसेने घातलेला गतिरोधक दोन फूट रुंद आणि अर्धा फूट उंच असतो. तो दोन चाकांच्या मधे अख्खा मावतो आणि त्याची सगळी उंची पोटाला लागते. माझी गाडी पट्टीनंतर मधोमध 170 वरून 145 वर आली होती, आणि दोघांच्या वजनाने आणखी 30 मिमी खाली.

बाबांची कंबर धरली आहे. त्यांना शेक दिला. ते काही बोलले नाहीत, मलाच वाईट वाटलं.

25 नोव्हेंबर

सकाळी कामावर जायच्या आधी पट्ट्या काढल्या. शॉकअप मूळ जागी, बोल्ट टॉर्क पान्याने आवळले.

30 नोव्हेंबर

आठवडाभर जेवताना हाच विषय. बाबा आणि मी काही नियम ठरवले. फ्रेमला कापाकापी नाही, वेल्डिंग नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवरच्या तपशिलाशी फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि तसंही फ्रेमशी खेळायची माझी इच्छा नाही. जे करू ते एका दुपारी पूर्ववत करता आलं पाहिजे. पुढचं आणि मागचं शक्यतो बरोबरीने खाली घ्यायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधी सीट.

मी 25 मिमी छोटा शॉकअप बघत होते. बाबांनी वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. समजा चाकाला शंभर मिमी प्रवास आहे आणि आपण त्याचा पाऊण केला. खड्डा तोच, धक्का तोच. तो पाऊण अंतरात जिरवायचा तर स्प्रिंग चार-तृतीयांशाच्या वर्गाएवढी कडक लागते, म्हणजे पावणेदोन पट. "आणि तू 54 किलोची. त्या स्प्रिंगवर तू बसणार नाहीस, उडणार." पंचवीस रद्द.

1 डिसेंबर, रविवार

सीट. हे काम मी सगळ्यात आधी करायला हवं होतं.

पाय जमिनीला पोचतो की नाही हे फक्त सीटच्या उंचीवर ठरत नाही, तिच्या रुंदीवरही ठरतं. रुंद सीटवरून मांडी आधी बाहेर जाते आणि मग खाली, तेवढी लांबी वाया. कुशनवाल्या काकांकडे जाऊन सीटवर बसले, त्यांनी माझ्या मांड्या जिथे टेकतात तिथे खडूने दोन्हीकडे रेघ ओढली. रेक्झिनच्या पिना उपटल्या. आतला फोम पिवळसर, एकसंध. ते आक्सा ब्लेड उघड्या हाताने धरतात, पात्याचं टोक फोममध्ये तिरकं घालतात आणि भाकरी उलथावी तसं अलगद वर आणतात. पापुद्र्यासारखे तुकडे निघत होते. पुढच्या कडा दोन्ही बाजूंनी जवळजवळ दोन इंच उतरवल्या, वरून 15 मिमी. त्याहून जास्त काढायला ते तयार नव्हते. "खाली प्लॅस्टिकचा पाट हाय ताई. अजून काढलं तर पाटावर बसाल." जिथे हाडं टेकतात तिथे त्यांनी दाट फोमचा एक तुकडा चिकटवला, वर पातळ मऊ थर, मग नवीन रेक्झिन. 1,600 रुपये.

घरी तोच बूट, तीच फरशी. टाच जमिनीपासून किती वर राहते ते मोजलं. पायाला 26 मिमी मिळाले. 15 उंचीचे, बाकीचे केवळ रुंदीचे. गाडीच्या एकाही नटबोल्टला हात न लावता.

15 डिसेंबर, रविवार

पुढची बाजू. फोर्क टीमध्ये, म्हणजे त्याच्या नळ्या धरणाऱ्या वरच्या-खालच्या पकडींमध्ये, वर सरकवायचा.

आधी तपासणी: फोर्क पूर्ण दबला तर पुढचं मडगार्ड खालच्या टीला लागेल का? चाक हवेत धरून दोघांमधलं अंतर 158 मिमी भरलं. फोर्क 12 वर सरकवला तर 146. प्रवास 130. मधे 16 उरतात. चालेल.

फ्रेमखाली जॅक, त्यावर लाकडी ठोकळा, मागचं चाक दोरीने खांबाला. वरच्या टीचे बोल्ट ढिले, मग खालच्या टीचे, एका वेळी एकच बाजू. नळी हाताने पिळत पिळत वर ढकलायची. हातोडीचं नावही काढायचं नाही. मी व्हर्निअर धरला, बाबांनी नळी. 12.0 आणि 12.1. बाबा म्हणाले पुन्हा कर. पुन्हा केलं, दोन्हीकडे 12.0. मग चाकात एक्सल हलकं ठेवून फोर्क चार-पाचदा दाबला, नळ्या आपोआप समांतर झाल्यावर सगळं मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळलं. हँडल दोन्हीकडे टोकाला फिरवून बघितलं: केबल ताणत नाही, ब्रेकचा पाइप अडकत नाही.

फोर्क तिरका असल्यामुळे 12 सरकवून नाक 11 खाली येतं. आणि सरकवण्यात प्रवास चोरला जात नाही, फोर्कचे 130 चे 130 राहतात, फक्त मडगार्ड आणि टीमधली मोकळी जागा खर्ची पडते. केबल टायने ते सिद्ध केलं: वाघबीळपर्यंतच्या त्याच रस्त्याला 91 मिमी.

आत्ता फक्त पुढून खाली आहे म्हणून हँडल हलकं झालंय. रंकाळ्याच्या वळणावर गाडी मी म्हणायच्या आधी वळते. शहरात मजा येईल, हायवेला नको. मागची बाजू होईपर्यंत लांब जायचं नाही.

29 डिसेंबर, रविवार

मूळ शॉकअप सीलबंद आहेत, उघडून आत स्पेसर घालण्याचा प्रश्नच नाही. ऑर्डरप्रमाणे शॉकअप बनवून देणाऱ्यांकडून 15 मिमी छोटी जोडी आली. माझं वजन, बाबांचं वजन, किती वेळा दोघं बसतो, कुठले रस्ते, हे सगळं लिहून कळवलं होतं. एक्सलपाशी 17 मिमी फरक पडला, कारण शॉकअप एक्सलच्या थोडा पुढे आहे.

मडगार्डची तपासणी यावेळी आधी. जोडीतल्या एका शॉकअपची स्प्रिंग काढली, तो तसाच बसवला, दुसरा बसवलाच नाही, आणि चाक हाताने वर उचललं ते शॉकअप तळाला लागेपर्यंत. टायर आणि मडगार्डमध्ये माझं बोट आरामात जातं. पट्टी टाकण्याआधी ही दहा मिनिटं दिली असती तर पन्हाळ्याच्या रस्त्यावर बाबांची कंबर गेली नसती.

चेनचा ढिलेपणा पुन्हा बघितला. चिमट्याचा कोन बदलला की तो बदलतो. पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याची खीळ आणि एक्सल एका रेषेत येतात तिथे चेन सगळ्यात ताणलेली असते, म्हणून बाबांना मागे बसवून त्या जागेवर तपासली.

5 जानेवारी 2025, रविवार

स्प्रिंग कडक आहे. मोठ्या खड्ड्यात ठीक, पण कारखान्याच्या रस्त्यावरचे बारीक खडबडे एकेक करून मोजता येतात. रबरी रिंग शॉकअपच्या निम्म्या प्रवासाच्याही अलीकडे थांबते. म्हणजे मी एवढा विचार करून राखलेला प्रवास स्प्रिंग वापरूच देत नाही. बनवणाऱ्यांशी फोनवर बोलले, रिंगच्या खुणेचा फोटो पाठवला. ते दुसरी स्प्रिंग पाठवतात, सुरुवातीला मऊ आणि दबत जाईल तशी कडक होणारी.

12 जानेवारी, रविवार

स्प्रिंग आली, बदलली. रिंग आता प्रवासाच्या तीन-चतुर्थांशापर्यंत जाते. बारीक खडबडे गेले नाहीत, बोथट झाले.

स्टँडचं काम बाबांनी केलं. जुना साईड स्टँड जपून ठेवायचा म्हणून दुसरा विकत घेतला. कापून, आत सळईचा तुकडा घालून, कडेने वेल्डिंग. किती कापायचं ते गाडी आधी पूर्वीच्याच कोनात लाकडी टेकूवर उभी करून ठरवलं. तळाला रुंद पाऊल हवं होतं, पावसाळ्यात मातीत रुतू नये म्हणून. बाबांनी कपाटातून त्या दोन पट्ट्या काढल्या आणि एकीतून ते कापलं. लोखंड चांगलं होतं.

सेंटर स्टँड आता जड जातो, कारण गाडी खाली आली आणि स्टँड तेवढाच, त्यामुळे जास्त उचलावी लागते. मागच्या चाकाखाली प्लायवूडचा तुकडा सरकवला की पहिल्यासारखा चढतो. तो तुकडा दाराशी खिळ्याला टांगलाय.

दिवा भिंतीवर खूण करून पुन्हा लावला. मागे-पुढे 6 मिमीचा फरक राहिलाय, दहा मीटरवर चारेक सेंटिमीटर. विमा कंपनीला शॉकअप बदलल्याचं मेलने कळवलं.

26 जानेवारी, रविवार

पन्हाळा, बाबा मागे, खाच चौथी. तेच चर, त्याच ट्रॉल्या.

जिथे टायर घासलं होतं तिथे मी मुद्दाम तेवढ्याच वेगाने गेले. एक भरीव 'धप्' आणि गाडी पुढे. मडगार्ड आतून टॉर्च लावून बघितलं, जुन्या पट्ट्याशिवाय नवी खूण नाही. फूटरेस्ट एका वळणाला लागला, चारच्या जागी एक, आणि त्या वळणाला आता मी वेग कमी करते. गावातल्या गतिरोधकावर पोट घासलं नाही. तिथे तिरकं जायची सवय लावून घेतली आहे, गतिरोधक गाडीच्या लांबीत जास्त रुंद पडतो आणि मधला फुगवटा पोटाला कमी येतो.

हँडल मूळ गाडीसारखं आहे की नाही हे मला डोळे मिटून ओळखता येणार नाही, आणि मला तेच हवं होतं.

वर पोचल्यावर बाबा उतरले, पाठ ताठ केली, झुणका-भाकरी मागवली. त्यांना पाठीबद्दल विचारलं तर म्हणाले, "पयल्या गाडीएवढं मऊ नाय. पन बसवतंय."

हे मला लिहून ठेवायचं आहे. मूळ शॉकअपवरची गाडी आजच्यापेक्षा जास्त आरामदायी होती. 17 मिमी आम्ही प्रवासातून विकत घेतले आणि ते प्रत्येक खड्ड्यात थोडे थोडे फेडतो. पाय पोचणाऱ्या माणसाने हे करू नये असं मी सांगेन. न पोचणाऱ्याने सीटपासून सुरुवात करावी, आणि तिथेच काम भागलं तर थांबावं.

9 फेब्रुवारी, रविवार

शेवटचं मोजमाप. सीटपाशी गाडी 15 मिमी खाली, फोम आणि रुंदीचे 26. दोन्ही पायांचे चवडे पूर्ण टेकतात, एका बाजूला जरा सरकले की टाचसुद्धा. दोन्ही टाचा एकदम टेकत नाहीत. त्या 17 नोव्हेंबरला टेकल्या होत्या आणि मला ती संध्याकाळ आठवते, पण त्या उंचीला परत जायचं नाही.

मूळ शॉकअप ऑइलचं फडकं गुंडाळून माळ्यावर ठेवले, सोबत बोल्ट पिशवीत, पिशवीवर नाव. टीचे बोल्ट 500 किमीनंतर पुन्हा टॉर्कने तपासले, एकही हललेला नाही. डाव्या फोर्कच्या ऑइल सीलपाशी बारीक ओल दिसते. नळी जिथे टीमध्ये धरली होती ती जागा सीलपासून लांब आहे, तेव्हा आमच्या कामाने झालं असं वाटत नाही, पण पुसून खूण केली आहे. पुढच्या रविवारी परत बघायचं.